सोनं की बिटकॉइन: दोन्ही बाळगून पाहिल्यावर

क्रिप्टो रोजच्या व्यवहारातल्या पैशाची जागा घेईल का, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. बिटकॉइनची मूळ साखळी, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणारी सार्वजनिक वही, सेकंदाला साधारण सात व्यवहार पेलते आणि गर्दी झाली की शुल्क भडकतं. २० एप्रिल २०२४ ला, हाविंगच्या (नवी नाणी निघण्याचा वेग निम्मा होण्याच्या) दिवशी, सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेलं होतं. मूळ साखळीबाहेर झटपट व्यवहार करणारे लाइटनिंग वगैरे वरचे थर आहेत, मान्य. पण एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं आणि २०२५ च्या सुरुवातीला ते घेण्याची व्यापाऱ्यांवरची सक्ती काढून टाकली. यावरून काय ते समजा.

खरी चुरस आहे ती वीस वर्षं हात लावायचा नाही अशा पैशाची. तिथे सोनं आणि बिटकॉइन हे दोनच गडी मला तुल्यबळ वाटतात, कारण दोघांच्याही मागे कुणाचं वचन नाही, त्यामुळे ते मोडायचाही प्रश्न नाही. बरीच वर्षं दोन्ही बाळगतोय, म्हणून लिहितो आहे.

दुर्मीळपणात बिटकॉइन पुढे आहे, यात वाद नको. दोन कोटी दहा लाखांची मर्यादा आहे आणि भाव कितीही चढला तरी नवी नाणी ठरलेल्या गतीनेच येतात. सोनं आजवर दोन लाख टनांच्या आसपास निघालंय आणि दर वर्षी त्यात दीड-दोन टक्के भर पडते. कागदावर हा मोठा फरक आहे. माझ्या झोपेवर मात्र त्याचा कधी परिणाम झाला नाही.

भावाच्या चढउताराचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२१ मध्ये एकोणसत्तर हजार डॉलरच्या घरात असलेलं बिटकॉइन वर्षभरात सोळा हजारांच्या खाली आलं. मी त्या काळात भाव बघणंच सोडलं होतं, हा काही धीरोदात्तपणा नव्हे. पण सोन्याला साधू समजणाऱ्यांनीही इतिहास चाळावा. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरला पोचलं आणि तो आकडा पुन्हा दिसायला २००८ साल उजाडलं. मधली महागाई धरली तर तोटा आणखी मोठा. बिटकॉइन आपटतं, सोनं झिजवतं. कुणाला काय सोसवतं हे ज्याने त्याने ठरवावं.

सोन्याचे त्रास मी भोगलेत. सीलबंद पाकिटातलं नाणं होतं, ते मी एकदा हौसेने फोडून पाहिलं. पुढे मोडायला गेलो तेव्हा पाकीट फाटलेलं म्हणून सराफाने भाव पाडला, आणि त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की नुसत्या वजनमापावर खोटं नाणं पकडणं अवघड. बिटकॉइन खरं की खोटं हे मी घरच्या संगणकावर स्वतः पडताळू शकतो, कुणाच्या कसोटीच्या दगडावर विसंबावं लागत नाही. शिवाय सरकारला सोनं ओढून घेता येतं. अमेरिकेने १९३३ मध्ये लोकांकडचं सोनं औंसाला २०.६७ डॉलरने जमा करून घेतलं आणि पुढच्याच वर्षी अधिकृत भाव ३५ केला. ज्याच्यावर उद्या रातोरात देश सोडायची वेळ येऊ शकते, त्याने पुढचं न वाचता बिटकॉइन घ्यावं. बिटकॉइनची किल्ली असलेले चोवीस शब्द डोक्यात घेऊन सीमा ओलांडता येते, सोन्याची वीट नाही येत.

आता मला खटकलेली गोष्ट. नाणी एक्सचेंजवर, म्हणजे खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीकडे, ठेवायची नाहीत हे २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्सचेंज बुडाल्यानंतर वेगळं सांगायला नको. मीही हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली जपणारं छोटं यंत्र, घेतलं, चोवीस शब्द कागदावर उतरवले आणि अतिहुशारी म्हणून वर एक पासफ्रेज, म्हणजे स्वतः ठरवलेला जादा गुप्त मजकूर, लावली. काही महिन्यांनी यंत्र पुसून सगळं परत उभं करून पाहावं म्हटलं. शब्द टाकले, पासफ्रेज टाकली, वॉलेट उघडलं. शिल्लक शून्य.

गोम अशी की पासफ्रेज चुकली तर यंत्र ‘चुकली’ म्हणत नाही. तुम्ही जे काही टाकाल त्यातून एक वेगळं, नियमाप्रमाणे अगदी बरोबर असलेलं, रिकामं वॉलेट तयार होतं. ही त्रुटी नाही, मुद्दाम केलेली सोय आहे: चोराने गळ्यावर सुरी ठेवली तर त्याला दुसरंच वॉलेट दाखवता यावं म्हणून. शब्दांच्या बाबतीत निदान शेवटचा शब्द ताळा जुळवतो, चूक झाली तर बहुधा कळते. पासफ्रेजला तसा ताळा नाही. त्या संध्याकाळी मी तीन तास बसून मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडा आधी, आकडा नंतर असं एकेक करून पाहिलं. दोन शब्दांमध्ये मी मोकळी जागा सोडली होती, एवढंच निघालं. पैसे गेले नाहीत. पण त्या तीन तासांत माझी पुंजी आहे की नाही हे सांगणारं जगात कुणी नव्हतं, ही गोष्ट मनातून जाईना.

कुणी म्हणेल, मग फंडातून घ्या. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणारे आणि शेअरबाजारात मिळणारे फंड, मिळतातच. घ्या की. पण मग मध्यस्थ परत आला, आणि ज्या गुणासाठी बिटकॉइनला सोन्यापेक्षा सरस म्हणायचं तोच दारात राहिला. मल्टिसिगचाही, म्हणजे अनेक किल्ल्यांपैकी ठरावीक किल्ल्यांनी उघडणाऱ्या वॉलेटचाही, विचार केला. त्यात एक किल्ली हरवली तरी चालतं, पण समजावून सांगायच्या गोष्टी वाढतात.

आणि समजावून कुणाला सांगायचं? माझ्यामागे ते ज्याच्या हाती पडेल त्याला. ऐन दुःखात तो माणूस गोंधळून इंटरनेटवर मदत मागणार, आणि ‘शब्द इथे टाका’ म्हणणारे भामटे टपलेलेच असतात. सोन्याचं नाणं ज्याला सापडेल त्याला ते काय आहे हे कुणी शिकवावं लागत नाही.

कदाचित हा माझा वेंधळेपणा असेल. तुम्ही शिस्तीचे असाल, घरात दुसरं कुणी यात मुरलेलं असेल, तर तुमचं पारडं दुसरीकडे झुकू शकेल. मी बिटकॉइन विकलेलं नाही. पुंजीतला दहावा हिस्सा तिथे ठेवला आहे, पासफ्रेज काढून टाकली आहे, बाकी सोन्यात.

घरच्यांसाठी एका पाकिटात दोन कागद ठेवलेत. सोन्याच्या कागदावर दीड ओळ आहे: लॉकर कुठला आणि किल्ली कुठे. बिटकॉइनचा कागद सध्या तिसऱ्यांदा लिहितोय. मागच्या खेपेला बायकोला वाचायला दिला, तर तिने पहिल्याच पायरीवर विचारलं, “हे शब्द टाकायचे कुठे, ते कुठे लिहिलंय?”