सेमिनरीत चार वर्षं काढली, बी.डी. कशी आहे ते सांगते

सलाम सगळ्यांना. माझी बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळक (चर्चचे धर्मगुरू) होण्यासाठीची पदवी, होऊन दीड वर्ष झालं आणि तेव्हापासून महिन्यातून एखादा तरी फोन येतोच, ताई थिऑलॉजी (ईश्वरविज्ञान) करायची म्हणजे नक्की काय, चार वर्षं बायबलच शिकवतात का, मुलींना घेतात का, पुढे काय. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगणं आता जमत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी नगर जिल्ह्यातली, बी.कॉम. करून पुण्यातल्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, गेले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारी पण आहेत आणि तिथले सर-मॅडम माझे गुरुजन आहेत.

आधी एक गोंधळ दूर करते. बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) ही बारावीनंतर करायची पदवी, आणि बी.डी. मी केली तशी ग्रॅज्युएशननंतर चार वर्षांची. म्हणजे आधीच एक पदवी असताना परत बॅचलर, त्यामुळे नातेवाईक विचारतात की एम.ए. का नाही केलं, त्याची तयारी ठेवा. आपल्याकडे बरीच कॉलेजं सेरामपूरच्या सिनेटला, म्हणजे या पदव्या देणाऱ्या मंडळाला, जोडलेली आहेत आणि काही एटीए म्हणजे एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता घेऊन चालतात. तुमचं चर्च कुठली पदवी धरतं ते पाळकसाहेबांना आधी विचारा, मग फॉर्म भरा. आणि पुढे सरकारी नोकरी किंवा दुसऱ्या विद्यापीठात एम.ए. डोक्यात असेल तर तिथे ही डिग्री चालते का ते पण लेखी विचारून ठेवा, नंतर रडण्यात अर्थ नाही.

सेरामपूर म्हणजे बंगालमधलं, कोलकात्याजवळचं. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ ला कॉलेज काढलं, तेव्हा ते गाव डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं म्हणून डेन्मार्कच्या राजाने १८२७ ला सनद दिली, पदव्या देण्याचा अधिकार तिथून आला. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की याच विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. म्हणजे आपण ज्या संस्थेची डिग्री घेतो तिचं आणि मराठीचं नातं कॉलेजच्याही आधीचं आहे. हे मला पहिल्या वर्षी कळलं तेव्हा खूप भारी वाटलं होतं, आणि म्हणूनच पुढची तक्रार जास्त मनाला लागते, ती सांगतेच.

प्रवेशाला चर्चचं शिफारसपत्र लागतं, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. मुलाखतीत पाठांतर कमी आणि तुम्हाला का यायचंय हे जास्त विचारलं. फीचा अर्धा भार आमच्या मंडळीने, म्हणजे गावच्या चर्चने, उचलला, अर्धा पप्पांनी. स्पॉन्सर असेल तर किती वर्षं सेवा करायची, कुठे, हे सगळं कागदावर घ्या.

आता शिकवणं. जुना करार, नवा करार, ईश्वरविज्ञान, चर्चचा इतिहास, इतर धर्म, समुपदेशन, उपदेशशास्त्र असं सगळं असतं, पण माझ्यासाठी चार वर्षांचा जीव म्हणजे हिब्रू. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे, आणि स्वर म्हणजे अक्षराच्या वरखाली टिंबं आणि रेघा. वर्गातली मुलं घाबरली होती पण आपल्याला काना मात्रा वेलांटीची सवय असते त्यामुळे मला ते लवकर बसलं. तिसऱ्या सेमिस्टरला २३ वं स्तोत्र घेतलं. हे स्तोत्र माझी आजी रोज झोपताना म्हणायची, मला चौथीपासून पाठ, शेवटच्या ओळीत कल्याण आणि दया मला 'लाभतील' असं आपण म्हणतो. सरांनी फळ्यावर हिब्रू शब्द लिहिला, यिर्दफूनी, आणि धातू शोधायला लावला. धातू निघाला रादफ. मग म्हणाले हाच धातू जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात शोधा, आणि तिथे काय तर फारो, म्हणजे इजिप्तचा राजा, रथ घेऊन इस्राएल लोकांच्या मागे लागलाय, पाठलाग करतोय. म्हणजे स्तोत्राचा कवी दावीद असं म्हणतोय की देवाचं चांगुलपण आणि त्याची दया आयुष्यभर माझा पाठलाग करेल, माझी पाठ सोडणार नाही. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी बाकावरून उठलेच नाही. आजी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि मला एकच वाटत होतं की हे तिला सांगायचं राहिलं.

ग्रीक मी पूर्ण घेतली नाही, पण नव्या कराराच्या तासाला कानावर पडायचं. लोकसमुदायाला बघून येशूला कळवळा आला असं मत्तयात आहे ना, तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय. इंग्रजीत कम्पॅशन म्हटलं की गुळगुळीत होतं, आणि आपल्याकडे 'आतडं तुटतं' हे शेतातली बाई पण बोलते. असे शब्द सापडले की वहीच्या मागच्या पानावर लिहायचे, माझी ती पानं भरलीत.

हिब्रू शिकवणारे ते सर दुसऱ्या वर्षाच्या मध्यात सोडून गेले. कॉलेजने चार महिने कुणालाच आणलं नाही, झेरॉक्स नोट्स दिल्या आणि वाचून या म्हणाले. हिब्रू झेरॉक्सवर शिकता येत नाही हो, टिंब धूसर आलं की शब्दच बदलतो. आम्ही चौघीचौघं मिळून रात्री मेसमध्ये बसून एकमेकांना शिकवलं आणि पास झालो, पण ज्यांना आधीच जड जात होतं त्या दोघांनी तेव्हा भाषा सोडली ती सोडलीच. याला मी मोठी चूक म्हणेन. प्रवेशाआधी विचारा की भाषांना कायमचे शिक्षक आहेत का पाहुणे. लायब्ररी चांगली होती पण मराठी कपाट एकच, आणि ते पण कुलूपबंद.

पहिल्या वर्षी आणखी एक होतं, त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. श्रद्धा हलते. उत्पत्तीमध्ये नोहाच्या तारवात एका अध्यायात प्रत्येक जातीचे दोन दोन प्राणी घ्यायला सांगितलेत आणि पुढच्याच अध्यायात शुद्ध पशूंचे सात सात, मी हे लहानपणापासून वाचलं होतं पण कधी थांबले नव्हते. मॅडमनी दोन रंगाच्या पेन्सिली दिल्या आणि दोन वेगळ्या परंपरा कशा एकत्र विणल्यात ते आमच्याकडून रंगवून घेतलं. माझ्या शेजारचा मुलगा रात्री घरी फोन करून म्हणाला मला परत यायचंय. मी पण दोन आठवडे नीट प्रार्थना करू शकले नाही. पण त्याच मॅडम सकाळच्या भक्तीत पहिल्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या दिसायच्या, आणि हळूहळू मला कळलं की प्रश्न विचारणारा माणूस देवापासून लांब गेलेला नसतो. तो मुलगा पण राहिला, आज मराठवाड्यात पाळक आहे. ज्यांना कुणी बोलायला मिळत नाही त्यांचं मात्र कठीण होतं, कॉलेजमध्ये त्यासाठी वेगळा माणूस हवा होता, नव्हता.

फील्डवर्कला मात्र माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. शनिवार रविवार एखाद्या मंडळीत जायचं, संडे स्कूल, घरभेटी, आणि तिसऱ्या वर्षी हॉस्पिटल. हॉस्पिटलमधून आलं की व्हर्बॅटिम लिहायचं, म्हणजे पेशंट काय बोलला, मी काय बोलले, शब्द न् शब्द, शेजारी त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते. मी पहिलं व्हर्बॅटिम लिहिलं ते बीडकडच्या एका काकूंचं, नवऱ्याचा पाय कापला होता, ऊसतोडीला गेले असताना ट्रॉलीखाली आला. मी तिसऱ्याच वाक्याला म्हटलं, काकू आपण प्रार्थना करूया का. सुपरवायझरनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, प्रार्थनेची गरज त्यांना होती का तुला? मला राग आला होता. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा नुसती बसले, त्यांच्या नवऱ्याला पाणी पाजलं, डबा धुवून आणला, आणि निघताना काकूच म्हणाल्या, ताई तुमच्या देवाला सांगा जरा. ते शिक्षण कुठल्या पुस्तकात नाही मिळत.

आता ती मराठीची तक्रार. आमच्याकडे शिकवणं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, उपदेशाचा सराव पण इंग्रजीत. मिझोराम, नागालँड, केरळची मुलं सोबत असतात म्हणून इंग्रजी लागतं हे मला मान्य आहे, पण जी मुलं नगर, जालना, सोलापूरला परत जाणारेत त्यांना आठवड्यातून एक तास तरी मराठीत उभं करा ना. आमच्याकडे काय कमी आहे? पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग अजून आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून गातो. दलित थिऑलॉजीचा, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेल्या ईश्वरविज्ञानाचा, पेपर होता, तो मला फार आवडला, आणि त्याची सुरुवात करणारे अरविंद निर्मळ हे आपलेच मराठी, १९८१ ला बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये त्यांनी भाषण केलं तिथून ही चर्चा पेटली. आणि हे सगळं मी माझ्या गावच्या, वस्तीवरच्या लोकांबद्दल इंग्रजीत वाचून इंग्रजीत लिहीत होते.

याचा परिणाम काय झाला ते सांगते. पोस्टिंगनंतरच्या पहिल्या रविवारी उपदेशाला उभी राहिले, चार वर्षांची मेहनत सगळी त्या कागदावर होती, आणि दहाव्या मिनिटाला मागच्या बायका पदराने वारा घेत बाहेर बघायला लागल्या. वाक्यं मराठी होती पण बोलणं मराठी नव्हतं. सुधारायला मला सहा महिने लागले, घरोघर जाऊन बसून. एकदा एका आजीबाईंकडे गेले, गुडघे सुजलेले, म्हणाल्या "दुखणं काही माझी पाठ सोडीना गं बाई". मला एकदम तो फळा आठवला, यिर्दफूनी. मी म्हटलं आजी, २३ व्या स्तोत्रात दावीद पण असंच म्हणतो, फक्त तो दुखण्याबद्दल नाही म्हणत, देवाच्या दयेबद्दल म्हणतो, ती माझी पाठ सोडत नाही म्हणून. आजी गप्प बसल्या आणि मग डोळ्याला पदर लावला. पुढच्या रविवारी तेच बोलले, कागद न घेता.

मुलींसाठी वेगळं लिहायला हवं. वर्गात आम्ही सहा जणी होतो, मार्कांत वरच्या चारात तीन मुली. पास झाल्यावर बरोबरच्या मुलांना दोन महिन्यांत नेमणूक मिळाली, मला दहा महिने थांबवलं, कारण काय तर लग्न ठरल्यावर बघू. हे मला कुणी लिहून दिलं नाही, तोंडीच. मी दर महिन्याला अर्ज देत राहिले, प्रत्येकाची पोच घेतली, शेवटी सहाय्यक म्हणून घेतलं. मुलींनो, हे ऐकून घाबरू नका पण आपल्या वरिष्ठांशी बोलणं पहिल्या वर्षापासूनच चालू ठेवा आणि जे ठरेल ते कागदावर घ्या.

पगाराचं विचाराल तर कमी आहे, वेळेवर येईलच असं नाही. नोकरी म्हणून करायची असेल तर दुसरं काहीतरी बघा. नोकरी न सोडता नुसता अभ्यास करायचा असेल तर सेरामपूरचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हा घरी बसून करायचा कोर्स आहे, आमच्या मंडळीतले एक शिक्षक करतायत आणि खूश आहेत. पण पाळकसेवेची ओढ असेल तर हॉस्टेलला राहूनच करा, कारण निम्मं शिक्षण मेसच्या टेबलावर होतं.

पाचपैकी चार स्टार देतेय, एक कापलाय तो हिब्रूच्या त्या चार महिन्यांचा आणि कुलूपबंद मराठी कपाटाचा. प्रवेशाची माहिती हवी असेल तर कॉमेंटमध्ये विचारा, सांगेन. हिब्रूच्या नोट्स मात्र कुणी मागू नका, आमच्या मंडळीतली एक मुलगी यंदा फॉर्म भरतेय, वही तिला दिलीय, मागच्या पानांसकट.