बोलीट अळंबीची वंशावळ: रूपावरून की डीएनएवरून?

बोलीट अळंबीची टोपी उलटी केली, की पात्यांसारख्या पडद्यांऐवजी स्पंजासारखी बारीक छिद्रे दिसतात. जुन्या अभ्यासकांनी या छिद्रांवरच भिस्त ठेवून असंख्य जाती ‘बोलीटस’ या एकाच प्रजातीत घातल्या. ही पद्धत सोपी होती, पण तिने रूपसाम्यालाच नाते मानले.

डीएनएच्या तुलनेने ही मांडणी पार विस्कटली. खाली चक्क पडदे असलेली फायलोपोरस बोलीटांच्याच कुळातली निघाली. उलट पाइनच्या मुळांशी वाढणारी, छिद्रे असलेली सुइलस ही त्या कुळापेक्षा जमिनीखाली बटाट्यासारख्या गोळ्यांच्या रूपात राहणाऱ्या, टोपीच नसलेल्या रायझोपोगॉनला अधिक जवळची ठरली, आणि हे नुसत्या डोळ्यांना कधीच उमगले नसते. युरोपातील प्रसिद्ध पोर्चिनी ‘बोलीटस’मध्येच राहिली, तर लाल छिद्रांची विषारी सैतानी बोलीट 2014 मध्ये ‘रुब्रोबोलीटस’ या नव्या प्रजातीत गेली.

वंशाच्या प्रश्नावर मी निःसंशय डीएनएचाच कौल मानतो. रानात ओळख पटवताना मात्र रूपाला पर्याय नाही: गर कापताच हवेतील ऑक्सिजनमुळे तो निळा पडतो का, हे पाहावेच लागते, जरी हा निळेपणा कुळाच्या अनेक शाखांत आढळत असला तरी.