रॅम दुकानात चालली, घरी नाही: ‘बोर्ड गेलाय’ म्हणतात तेव्हा

जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवणाऱ्यांनी हे वाचाच, कारण इंटेलच्या साध्या मशीनवर न चालणारी रॅम अजून विकली जातेय.

आमचा कॉम्प्युटर इंटेल आय-थ्रीचा, बोर्ड (मदरबोर्ड) एच-६१, रॅम डीडीआर-३ प्रकारची. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात बोर्डाचं मॉडेल लिहून नेलं आणि ८ जीबीची रॅमची स्टिक मागितली. इतरांपेक्षा बऱ्याच कमी भावात मिळाली. दुकानदाराने काउंटरवरच्या मशीनला लावून दाखवली, स्क्रीनवर ८ जीबी आले. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वेगळे, म्हणून हातात चिठ्ठी दिली.

घरी लावली तर पंखा फिरतो, बीप वाजते, स्क्रीन काळी. जुनी स्टिक मात्र दोन्ही स्लॉटमध्ये व्यवस्थित चालते. परत नेली, तर त्याने तीच रॅम पुन्हा काउंटरवर चालवून दाखवली. “माल ओके आहे साहेब, तुमचा बोर्ड गेलाय.” लगेच सेकंडहँड बोर्डाचा भावही सांगितला!

खरी गोम दुरुस्तीवाल्याने दाखवली. वॉरंटीच्या स्टिकरखाली मूळ लेबलवर ‘एएमडी’ छापलेलं होतं, म्हणजे ही रॅम इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मशीनसाठीची. काउंटरवरचं मशीनही एएमडीचंच असणार. डीडीआर-३ च्या या स्टिकलाही २४० पिना असतात, खाचही त्याच जागी, त्यामुळे ती इंटेलच्या स्लॉटमध्ये बिनबोभाट बसते. पण तिच्यावरच्या चिप ४ बिटांच्या, म्हणजे एका वेळी ४ बिट देणाऱ्या, असतात. साध्या इंटेल डेस्कटॉपचा मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) ८ किंवा १६ बिटांच्याच चिप ओळखतो. बोर्डात काही बिघाड नसतो. इंटेलचाच दुसरा बोर्ड घातला असता तरी ही रॅम चालली नसती, आणि याचाच मला सर्वात जास्त संताप आहे. दुकानदाराला हे माहीत होतं, नाहीतर लेबल झाकलं कशाला?

डीडीआर-४ चं बरं, तिला २८८ पिना आणि खाच वेगळी, जुन्या स्लॉटमध्ये ती बसतच नाही. घोळ होतो तो बसणाऱ्या रॅमचा. म्हणून शक्य असेल तर कॅबिनेटच दुकानात न्या आणि रॅम त्यातच चालवून घ्या. मूळ लेबल उघडं दिसलं पाहिजे; साध्या ८ जीबीच्या डीडीआर-३ स्टिकवर बहुधा ‘२आर×८’ (2Rx8) असतं, म्हणजे चिप ८ बिटांच्या. बिलावर रॅमचा पार्ट नंबर लिहून मागा.

दुकानदाराने पैसे परत दिलेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे, सोबत चिठ्ठीचा आणि स्टिकर काढलेल्या लेबलचा फोटो दिलाय.