रंग मारण्याआधी वेल्डिंग बघा

इंग्लंडात जुनी बीएमडब्ल्यू ई४६ एम३ बाळगणाऱ्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. या गाडीचं मागचं दुखणं जगजाहीर आहे. सबफ्रेम (मागची चाकं आणि सस्पेन्शन पेलणारा सांगाडा) बॉडीला ज्या चार जागी बोल्टने धरलेला असतो, तिथला पत्रा बेताचाच. ३४३ अश्वशक्तीच्या इंजिनाचे हिसके वर्षानुवर्षं खाऊन तो लवतो, शेवटी चिरतो, स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) उसवतात.

माझ्याही गाडीत चीर निघाली. एका गॅरेजवाल्याने ‘प्लेटा मारून देतो, परत बघायला नको’ म्हणत पैसे आगाऊ घेतले. गाडी मिळाली तेव्हा खालून सगळं काळंभोर, चकचकीत. कामाचे फोटो मागितले तर म्हणे गडबडीत काढायचे राहिले. एमओटीही (तिकडची गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) बिनतक्रार पास झाली, पण त्याला काय अर्थ? तिथला तपासनीस काही तो काळा थर काढून बघत नाही.

काही आठवड्यांतच क्लच सोडला की मागून पुन्हा ‘टक्’. दुसऱ्या कारागिराने गाडी रॅम्पवर घेऊन तो काळा थर काढला आणि वरून कीर्तन, आतून तमाशा! कडेने सलग वेल्डिंग हवं, तिथे लांब लांब टाके. धातूचा मणी नुसता प्लेटेवर बसलेला, खालच्या पत्र्यात उतरलेलाच नाही. स्क्रूड्रायव्हरने जरा उचकटलं तर एक कोपरा चक्क हातात आला. त्यामागे जुनं अंडरसील (गंजू नये म्हणून खालून मारलेला थर) अर्धवट जळून चिकटलेलं, म्हणजे पत्रा घासलासुद्धा नव्हता. आणि मूळ चीर प्लेटेच्या कडेबाहेर डोकावत होती, तशीच उघडी.

खरं काम असं असतं: सबफ्रेम उतरवायचा, पत्रा उघडा पडेपर्यंत घासायचा, चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, मग चीर वेल्ड करून वर प्लेट. प्रायमर, सीलर त्यानंतर. पत्रा घासल्यावर एकदा आणि रंगाआधी एकदा बघायला येईन, हे काम देतानाच सांगा. आढेवेढे घेतले तर किल्ली परत घ्या.

गॅरेजवाल्याने अर्थातच हात वर केले: ‘तुम्ही ट्रॅकवर पळवली असणार.’ (गाडी ऑफिस आणि वाण्यापलीकडे गेली नव्हती.) २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी कौशल्याने करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पण मी पाठवलेल्या पत्राला उत्तरच नाही. सुदैवाने पैसे क्रेडिट कार्डने दिले होते. १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या कामाला १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ लागू होतं आणि कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. त्यांनी त्रयस्थ कारागिराचा लेखी अहवाल मागितला. थर खरवडताना टप्प्याटप्प्याने काढलेले फोटो तिथे कामी आले आणि पैसे परत मिळाले. नव्या दुरुस्तीचं बिल मात्र पहिल्या बिलाच्या दुपटीच्या घरात गेलं, कारण प्लेटेमागे पाणी साचून गंजलेला पत्रा कापून नवा घालावा लागला.