निवासी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी कोणतं प्रशिक्षण निवडावं?

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या निवासी केंद्रात कुणी स्वतःला इजा करून घेतली, तर तिथे सर्वांत आधी पोचतो तो बहुतेक वेळा रात्रपाळीचा काळजीवाहक. डॉक्टर, समुपदेशक नंतर येतात. म्हणून कोणतंही प्रशिक्षण मी एकाच प्रश्नावर तपासते: हे शिकल्यावर तो काळजीवाहक त्या पहिल्या दहा मिनिटांत काय वेगळं करेल?

सहज मिळतात ती एक-दोन दिवसांची शिबिरं. ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी सुरू केलेलं ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’ किंवा कॅनडातल्या लिव्हिंगवर्क्सचं दोन दिवसांचं ‘असिस्ट’ ही त्यांतली परिचित नावं. आत्महत्येचा विषय काढला तर तो विचार समोरच्याच्या डोक्यात शिरेल, ही भीती अशा शिबिरात जाते आणि माणूस थेट विचारायला शिकतो. पण ही शिबिरं मुख्यतः अशा माणसासाठी आहेत, जो संकटातल्या व्यक्तीला भेटतो आणि पुढच्या मदतीपर्यंत पोचवतो. निवासी केंद्रातल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच व्यक्तीसोबत नाश्त्याला बसायचं असतं. शिवाय ‘असिस्ट’चा सगळा रोख आत्महत्येवर आहे. स्वतःला इजा करून घेणाऱ्या अनेकांना त्या क्षणी मरायचं नसतं, असह्य झालेलं काहीतरी सोसण्याजोगं करायचं असतं. तरीही पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे ‘लक्ष वेधायला करते’ म्हणून सोडून देणंही चूकच. नव्याने रुजू झालेल्यांसाठी शिबिर ठीक आहे, तेवढ्यावर थांबू नये.

बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांची सुरक्षा योजना, म्हणजे संकट आलं तर काय करायचं ते त्या व्यक्तीसोबत बसून आधीच लिहून ठेवणं, जास्त उपयोगाची वाटते. धोक्याची चिन्हं, स्वतः करता येतील असे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल असे जवळचे लोक, व्यावसायिक मदत आणि आजूबाजूची जागा सुरक्षित करणं अशा तिच्या सहा पायऱ्या आहेत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या आपत्कालीन विभागांत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळाले, त्यांच्यात सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतं. यातला पाठपुरावा विसरू नका. कर्मचाऱ्याने घाईत भरून फायलीत लावलेला कागद म्हणजे योजना नव्हे. ती त्या व्यक्तीच्या शब्दांत हवी आणि तिच्याजवळ हवी. ‘पुन्हा करणार नाही’ असं लिहून घेणं तर पूर्ण वेगळं; त्याने इजा थांबत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, लपवणं मात्र वाढू शकतं.

लेन बावर्स यांची मनोरुग्णांच्या वॉर्डांसाठीची पद्धत ‘सेफवॉर्ड्स’. ती एकेका व्यक्तीऐवजी सगळ्या जागेचं वातावरण बदलू पाहते. मऊ शब्द, वाईट बातमी सांगण्याची पद्धत, परस्पर मदतीच्या बैठका अशा तिच्यात दहा गोष्टी आहेत. इंग्लंडमधल्या १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत झालेल्या चाचणीत, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि बंधनांचा (धरून ठेवणं, एकटं कोंडणं यांसारख्या उपायांचा) वापर २६.४ टक्क्यांनी कमी झाला. या ‘संघर्षा’त आक्रमकता, पळून जाणं आणि स्वतःला इजा करणं हे सगळंच मोजलं होतं, म्हणून हा आकडा फक्त इजेचा समजू नये.

सर्वांत खोल आणि सर्वांत महाग ती मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती. १९९१ च्या त्यांच्या पहिल्या चाचणीपासून स्वतःला इजा करण्यावर तिचा परिणाम दिसत आला आहे. पण वैयक्तिक थेरपी, कौशल्यांचे गट, फोनवरचं मार्गदर्शन आणि थेरपिस्टांची नियमित सल्ला-बैठक हे सगळं मिळून डीबीटी होते. अर्धवट शिकवलेली डीबीटी मला खरोखर धोकादायक वाटते. इजेनंतर २४ तास थेरपिस्टने फोनवर मार्गदर्शन करायचं नाही, असा त्यात एक नियम आहे. तो निम्म्याने कळलेला कर्मचारी ‘एक दिवस तिच्याशी बोलू नका’ असं ठरवू शकतो, आणि उपचाराची शिक्षा होते. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या, स्वतःला इजा करण्याविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना शिक्षा करण्याच्या पद्धती स्पष्टपणे नाकारतात. पुढचा धोका ओळखण्यासाठी गुणांकनाच्या मोजपट्ट्या वापरू नका, असंही त्या सांगतात. प्रशिक्षक अशीच मोजपट्टी घेऊन आला, तर दुसरा शोधा.

केंद्र लहान असेल, तर मी सुरक्षा योजना सगळ्यांना शिकवेन आणि सेफवॉर्ड्समधल्या दोन-तीन गोष्टींपासून सुरुवात करेन. वारंवार इजा करून घेणारे बरेच जण राहत असतील आणि सल्ला-बैठकीला दर आठवड्याला वेळ काढणारा अनुभवी थेरपिस्ट असेल, तरच डीबीटीवर पैसे घालावेत.

ठरवण्याआधी प्रशिक्षकाला विचारा: भूमिका करून सराव किती वेळ आहे? आधी जखमेची काळजी घेणं, चेहरा शांत ठेवणं, ‘का केलंस?’ऐवजी ‘आत्ता काय हवंय?’ विचारणं, हे ऐकून येत नाही, करूनच येतं. स्वतः या अनुभवातून गेलेलं कुणी शिकवायला आहे का? काही महिन्यांनी उजळणी आहे का? प्रसंगानंतर हादरलेल्या कर्मचाऱ्याशी कोण बोलणार? आणि रात्रपाळीच्या लोकांसाठी हेच सत्र पुन्हा, त्यांच्या सोयीच्या वेळी घेणार का?