मिशेलिन प्रायमसी ४ एसटी: टायरचा आवाज कमी करायचा असेल तर घ्यावेत का?

टायर बदलायची वेळ आलीच होती आणि या वेळी दुकानात जायच्या आधीच ठरवलेलं की मायलेज आणि लाइफ दुसऱ्या नंबरवर, पहिला नंबर आवाजाचा. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, साइज २०५/६५ आर १६, आणि चिंचवड ते ठाणे सारखं सुरू असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त रस्ता एक्सप्रेसवेच. ज्यांचं तिथून जाणंयेणं आहे त्यांना सांगायला नको, काँक्रीटवर ८० च्या पुढे गेलं की खालून जी घूंऽऽ चालू होते ती कळंबोलीपर्यंत पाठ सोडत नाही.

आधी एक गोष्ट चेक करा, टायरवर पैसे घालायच्या आधी. आवाज खरंच टायरचा आहे की व्हील बेअरिंगचा, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागाचा? मोकळ्या रस्त्यावर सावकाश डावी-उजवीकडे लेन बदलून बघा, वळताना घरघर वाढली किंवा कमी झाली तर बेअरिंगवर संशय घ्या. आणि काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर आल्या आल्या आवाज एकदम बदलला तर तो टायरचा. आमच्याकडे दुसरं होतं. शिवाय मागच्या टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत होतं. टायर वेळेवर रोटेट केले नाहीत, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल केले नाहीत, किंवा अलाइनमेंट (चाकांची दिशा) बिघडलं की टायरवरचे रबराचे ब्लॉक असे तिरके झिजतात आणि मग चांगला टायर पण ओरडायला लागतो.

आता आवाज येतो कुठून ते थोडक्यात, कारण हे कळलं की दुकानदार काय सांगतोय ते पण कळतं. ट्रेडचे, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीचे, ब्लॉक रस्त्यावर आपटतात, खाचांमधली हवा दाबली जाते आणि सुटते, आणि टायरच्या आत जी हवा कोंडलेली असते ती साधारण २०० हर्ट्झच्या आसपास घुमते, खड्ड्यावरून गेल्यावर टुंग असा पोकळ आवाज येतो ना, तो हाच. सगळे ब्लॉक एकाच मापाचे असले तर एकच सूर लागून राहतो म्हणून कंपन्या मुद्दाम लहानमोठे ब्लॉक ठेवतात. साधारण ४० च्या पुढे गाडीच्या इंजिनापेक्षा टायरचाच आवाज जास्त असतो, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांना तर हा त्रास आणखीच जाणवतो. एक्सप्रेसवेचं काँक्रीट तर वेगळंच प्रकरण आहे, ग्रिपसाठी त्यावर आडव्या रेघा मारलेल्या असतात, आणि अशा सारख्या अंतरावरच्या रेघांवरून टायर गेला की सूर लागणारच.

अजून एक, युरोपच्या लेबलवर ६८, ७० असे डेसिबल लिहिलेले असतात ते बघून बरेच जण टायर ठरवतात. तो आकडा गाडीच्या आतला नाही! इंजिन बंद करून गाडी ८० च्या स्पीडला माइकसमोरून जाऊ देतात आणि बाहेर किती आवाज होतो ते मोजतात. उपयोग आहे त्याचा, ३ डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, पण बाहेर शांत असलेला टायर तुमच्या गाडीत, तुमच्या सस्पेन्शनवर, तुमच्या रस्त्यावर तितकाच शांत वाटेल असं नाही. म्हणून ज्याच्याकडे तो टायर आहे त्याच्या गाडीत बसून बघणं सगळ्यात बेस्ट. मी ऑफिसमधल्या एकाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून किवळे ते उर्से टोल असं जाऊन आलो आणि तिथेच ठरलं. मागेच बसायचं, मागच्या चाकांचा आवाज पुढे बसून कळत नाही.

तर आता टायरबद्दल. प्रायमसी ४ एसटी हा कम्फर्टवाला टूरिंग टायर आहे, म्हणजे लांबच्या आरामशीर प्रवासासाठीचा. कंपनी ज्याला सायलेंट रिब म्हणते त्यात खाचा अशा एकमेकींत गुंतवलेल्या असतात की रबर आणि खाच यांचं प्रमाण फिरताना सारखं राहतं आणि हवा फटाफट दाबली-सुटली जात नाही. नवीन असताना पहिले काहीशे किलोमीटर जरा निसरडा वाटतो, तेवढं जपून चालवा. त्यानंतर फरक इतका सरळ आहे की शंकाच नको, ती घूंऽऽ बऱ्यापैकी खाली गेलीय, ९० ला मागच्या सीटवरच्याशी मान न वळवता बोलता येतं आणि गाण्यांचा आवाज आधीपेक्षा कमी ठेवला तरी शब्द कळतात.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट बाबांची. त्यांना कानाचं मशीन आहे आणि ते मशीन बोलण्याबरोबर गाडीची घरघर पण मोठी करून देतं, त्यामुळे गाडीत बसले की ते मशीन काढून खिशात ठेवायचे आणि मग ठाण्यापर्यंत कोणाशी बोलणं नाही, काही विचारलं तर नुसती मान. हे टायर टाकल्यापासून मशीन कानातच असतं. घाटात नातवाला जुन्या खंडाळ्याच्या रस्त्याच्या गोष्टी सांगत होते, मला मागून सगळं ऐकू येत होतं. घरात वयस्कर माणूस असेल तर टायरचा आवाज ही चैनीची गोष्ट नाहीये, हे मी कोणालाही अगदी छातीठोक सांगीन.

काय गेलं नाही ते पण सांगतो. काँक्रीटच्या जॉइंटची टक-टक तशीच आहे. हे जॉइंट साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे ८० ला सेकंदाला जवळजवळ पाच ठोके, ते टायरपेक्षा सस्पेन्शनचं काम. खडी वर आलेल्या खरबरीत डांबरावर गुणगुण राहतेच. आणि खालचा आवाज कमी झाल्यामुळे आता आरशाजवळचा वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागलाय, आधी तो दबलेला असायचा. पावसात घाट उतरताना ब्रेक छान लागतात, त्याबाबत पूर्ण समाधान आहे, आणि आवाजासाठी ओल्या रस्त्यावरची पकड सोडायची वेळ आली असती तर मी हा टायर घेतलाच नसता.

महाग आहे. साध्या टायरच्या मानाने चारच्या सेटला बरेच जास्त पैसे जातात. आणि हा टायर १६ इंचापासून पुढे मिळतो, छोट्या चाकांना मिशेलिनचाच एक्सएम२ प्लस बघता येईल. बाकी योकोहामाचा ब्लूअर्थ, ब्रिजस्टोनचा तुरान्झा, काँटिनेंटलचे कम्फर्टवाले टायर हे पण त्याच लाइनीतले, तुमच्या साइजमध्ये काय मिळतं त्यावर ठरवा. फक्त दिसायला भारी म्हणून एसयूव्हीला जाड ब्लॉकवाले एटी (ऑल-टेरेन) टायर टाकू नका, ते माती-चिखलासाठी आहेत, हायवेवर डोकं उठवतात. तसंच रुंद टायर आणि मोठ्या रिम, दोन्हीने आवाज आणि दणके वाढतात, कंपनीने दिलेलीच साइज ठेवा. आत फोम चिकटवलेले टायर पण येतात, ते आतलं घुमणं बऱ्यापैकी मारतात, पण पंक्चर आतून पॅच लावून काढायचं तर त्या जागेचा फोम काढावा लागतो, आपल्याकडे रस्त्यावरचा पंक्चरवाला ते कितपत नीट करेल याचा विचार करून घ्या.

दुकानात टायर चढवायच्या आधी साइडवॉलवरचा चार आकडी कोड स्वतः वाचा, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे ३२२५ असेल तर २०२५ चा ३२ वा आठवडा. जुना स्टॉक असेल तर सरळ बदलून मागा, रबर कडक झालं की आवाजासाठी दिलेले जास्तीचे पैसे वाया. बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. हवा दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, दुकानातला मुलगा सवयीने जास्त भरतो आणि मग नवीन टायर पण दगडासारखा वाटतो. आणि दर ८-१० हजाराला रोटेशन, ते चुकवू नका.