कॉट्सवोल्ड्सच्या पाणंदींत टूरिंग सायकल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सायकल स्टीलची. टायर 700×35 (म्हणजे 35 मिलिमीटर रुंद), पुढे पॅडलपाशी 48, 36 आणि 26 दात्यांच्या तीन चेनरिंग, मागच्या चाकावर 11 ते 34 दात्यांच्या चक्रांची कॅसेट, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पूर्ण लांबीचे मडगार्ड, कॅरिअर आणि त्याच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, म्हणजे पॅनिअर. बॅगांसकट वजन 24 किलोच्या आसपास. मार्च ते ऑक्टोबर ती इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशातल्या आडरस्त्यांवर वापरली. दुकानात हात लावला की ही सायकल जड वाटते. इथल्या रस्त्यांवर मात्र तिच्यातली एकच गोष्ट जास्तीची ठरली: 48 ची चेनरिंग.

कारण इथले चढ. सर्वांत उंच क्लीव्ह हिल जेमतेम 330 मीटर, हा आकडा वाचून सह्याद्रीतले घाट चढलेला माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. आपले घाट लांब असतात, पण वळणं घेत चढतात. इथले रस्ते बैलगाड्या आणि मेंढ्यांच्या काळापासूनचे, सरळ नाकासमोर वर जाणारे. पाचशे मीटरचाच चढ, पण 16-17 टक्क्यांचा, आणि तो संपला की लगेच तेवढाच उतार, खाली ओढा, पुन्हा चढ. दिवसभरात असे दहा-बारा. पुढे 26 ची चेनरिंग आणि मागे 34 दात्यांचं चक्र असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 1.66 मीटर पुढे जाते. म्हणजे मिनिटाला 60 फेरे मारले तर ताशी 6 किलोमीटर. चालण्यापेक्षा थोडंच जास्त, पण बसून, दम न तुटता. पुढे 34 आणि मागे 28 दाते असलेल्या रोड बाइकला तेवढ्याच फेऱ्यांना ताशी 9 चा वेग ठेवावा लागतो, आणि सामान लादून तो चढावर टिकत नाही.

चढ आधी कळावेत म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा कागदी नकाशा जवळ हवाच. गुलाबी मुखपृष्ठाच्या 1:50,000 च्या मालिकेत रस्त्यावर एक बाण असेल तर चढ 14 ते 20 टक्के, दोन बाण असतील तर 20 च्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं. मार्ग आखताना बाण मोजायचे आणि शक्य तिथे बाणाच्याच दिशेने, म्हणजे उताराने जायचं. फोनवरचं ॲप सर्वांत जवळचा रस्ता देतं, आणि इथे जवळचा रस्ता म्हणजे बहुतेक वेळा दोन बाणांचा, नाहीतर थेट ए429 हा हमरस्ता. हा मूळचा फॉस वे नावाचा रोमन रस्ता. आज त्यावर मोटारी भरधाव जातात, तो फक्त ओलांडण्यापुरता वापरावा.

टायरबद्दल थोडं सविस्तर. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांच्या हेजा, म्हणजे जिवंत कुंपणं असतात. पक्ष्यांच्या विणीमुळे 1 मार्च ते 31 ऑगस्ट त्या छाटायला सहसा मनाई असते. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टरला लावलेल्या छाटणी यंत्रांची घरघर सुरू होते आणि रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो. ब्लॅकथॉर्नचा काटा दाभणासारखा लांब असतो. तो रबरात शिरतो, वरचं टोक मोडतं आणि उरलेला तुकडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासोबत आत सरकतो. हवा तास-दोन तासांनी जाते, तेव्हा काटा कुठे लागला हे आठवायचं कारणच नसतं. म्हणून ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करावी. ट्यूबमधलं भोक सापडलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर मोजायचं, त्या जागी टायर अंगठ्यांनी उलटा वाकवायचा, म्हणजे काट्याचा काळा ठिपका वर येतो. आतून बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवावा, कापूस अडकेल तिथे काटा. चिमटा बारीक टोकाचा हवा. काटा न काढता नवी ट्यूब घातली तर तीही दहा किलोमीटरांत बसते. 3 मिलिमीटरची पंक्चररोधक पट्टी असलेल्या टायरने हा त्रास बराच कमी झाला, पुरता गेला नाही. हवा सामानासकट मागे 4 बार, पुढे 3.3 बार. त्याहून जास्त भरली तर खड्ड्यांत मनगटं दुखतात.

मडगार्डशिवाय इथे येऊच नये. रस्त्यावर पावसाचं पाणी, शेण आणि चुनखडीचा पांढरा गाळ एकत्र असतो, तो सुकला की चेनवर सिमेंटसारखा बसतो. 35 च्या टायरला 45 मिलिमीटर रुंदीचे मडगार्ड बरोबर बसले. त्यांचे एम5 बोल्ट पहिल्या दोनशे किलोमीटरांतच सैल होतात, आटे धरून ठेवणारं निळं थ्रेडलॉक लावलं की प्रश्न मिटतो. पुढच्या मडगार्डच्या सळ्यांना सुटून येणारी क्लिप असलीच पाहिजे. छाटलेली फांदी टायर आणि मडगार्डमध्ये अडकली तर क्लिप सुटते, नाहीतर चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे. त्याच गाळाने ब्रेक पॅडही झिजतात. केबल डिस्कमध्ये बहुधा बाहेरचाच पॅड हलतो, त्यामुळे आतल्या पॅडचा स्क्रू अधूनमधून हाताने पुढे घ्यावा लागतो. तो विसरला तर लिव्हर हँडलला टेकतो, आणि हे नेमकं उतारावर कळतं.

कातडी सीट ब्रुक्स कंपनीची बी17, बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकची. पहिले तीन-चारशे किलोमीटर ती लाकडासारखी कडक असते, मग बसणाऱ्याच्या हाडांचे खळगे पडतात आणि दिवसभर तक्रार उरत नाही. पण भिजलेल्या कातड्यावर बसलं की कुठलंही कातडं ताणतं आणि कायमचं झोळ पडतं. प्लॅस्टिकचं कव्हर खिशात, ग्रीस वर्षातून दोनदा आणि खालच्या बाजूनेही. सीटच्या पुढच्या टोकाखालचा ताणाचा नट एका वेळी पाव फेराच आवळावा. घाईने आवळलेलं कातडं रिव्हेटपाशी फाटतं.

एका दिवसासाठी सर्वांत आवडलेला मार्ग: किंगहॅम स्टेशन, ब्लेडिंग्टन, लोअर आणि अपर स्लॉटर, नॉन्टन, गायटिंग पॉवर, टेंपल गायटिंग, स्नोशिल, ब्रॉडवे, चिपिंग कॅम्पडेन, ब्लॉकली, मोर्टन-इन-मार्श. 55 ते 60 किलोमीटर, दोन्ही टोकांना रेल्वे. याच दिशेने गेलं की स्नोशिल ते ब्रॉडवे हा लांब टप्पा उताराचा मिळतो. स्नोशिलच्या जुन्या वाड्यात चार्ल्स वेडने जमवलेल्या वस्तूंमध्ये जुन्या सायकलीही आहेत, उन्हाळ्यात थांबायला हरकत नाही. चिपिंग म्हणजे पेठ. कॅम्पडेनच्या मुख्य रस्त्यावर 1627 चा दगडी बाजारमंडप आहे, पावसात सायकलसकट उभं राहायला उत्तम. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही जुन्या घरांची रांग बघायची तर सकाळी नवाच्या आत पोचावं, नंतर पर्यटकांची गर्दी होते. तेवढीच सुंदर घरं, त्याच मधाच्या रंगाच्या दगडाची, ब्लॉकलीत शांतपणे बघायला मिळतात. शेतांभोवती कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना न वापरता रचलेल्या भिंती आहेत. सायकल त्यांना टेकवू नये, वरचे दगड सुटतात.

अपर स्लॉटरला रस्ता ओढ्यातूनच जातो. पाणी उथळ, पण तळाच्या दगडांवर शेवाळ. चालवत गेलं तर पुढचं चाक निसटतं, शेजारच्या साकवावरून ढकलत न्यावी. गुरं अडवायला बसवलेल्या लोखंडी दांड्यांच्या जाळीवर मात्र काटकोनात, हँडल न वळवता, न थांबता जायचं. ओली असेल तर ब्रेक अजिबात नाही.

शेतांतून जाणाऱ्या वाटांवर रंगीत बाणांच्या खुणा असतात. पिवळ्या बाणाची वाट फक्त पायी चालणाऱ्यांची. निळ्या बाणाच्या घोडेवाटेवर 1968 च्या कायद्यापासून सायकलला परवानगी आहे, पण पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. घोड्याच्या मागून घंटी वाजवू नये, दुरून बोलून आवाज द्यावा. ऑक्टोबरनंतर या वाटांवर इतका चिखल होतो की मडगार्डमध्ये अडकून चाक फिरत नाही.

ट्रेनमध्ये सायकलीची जागा मोफत पण मोजकी, आधी आरक्षण करावं. काही गाड्यांत ती पुढच्या चाकाने उभी टांगावी लागते, म्हणून पॅनिअर फलाटावरच काढून ठेवावेत. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं ते थेट सहाला उघडतं, दुपारचा डबा बरोबर असू द्यावा. जवळच्या स्विंडन शहरात राहणाऱ्या आपल्या गोवेकरांना तर केंबल स्टेशन एका ट्रेनवर आहे, पोळीभाजी गरम असतानाच सायरनसेस्टर गाठता येतं.

पुढच्या मार्चसाठी 48 च्या जागी 44 ची चेनरिंग बसवली आहे. असं करताना पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर नेणारा भाग, खाली सरकवावा लागतो. त्याची पट्टी आणि मोठ्या चेनरिंगचे दाते यांत 1 ते 3 मिलिमीटर फट राहिली की चेन बाहेर पडत नाही.